खिशातला फ्यूज

मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं झाली प्रोग्राम लिहिते, मेहकरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, आणि आजही माझं लिहिलेलं काही कुठे सुरू झालं की ते नीट चालेल असं म्हणायला मी धजत नाही. कंपनीतल्या पोरांना वाटतं मॅडम विनयाने बोलतात. कसला विनय अन् कसलं काय! एका सकाळी जे झालं, तेव्हापासून हे असं आहे.

आमचं वावर, म्हणजे शेत, मेहकरापासून तासभर लांब असलेल्या आमच्या मूळ गावाबाहेर दीड किलोमीटरवर, एका खोलगटीत आहे. ते माझा मोठा भाऊ करतो. विहिरीत मोटार, तिची केबल काठावर स्टार्टरच्या पेटीपर्यंत आलेली. बाबा होते तेव्हापासून आमच्याकडे एक रीत होती. विहिरीत ज्याला उतरायचं, त्याने आधी पेटीतले फ्यूज उपटायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. काठावर ठेवायचे नाहीत, दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत. मग वर कोणी दीडशहाणा येऊन बटन दाबो, मोटार चालू होणारच नाही. बाबा खिशाला गुंडी लावायचे, वरून दोनदा चाचपायचे आणि मगच शिडीवर पाय ठेवायचे. आम्ही भावंडं त्यांना हसायचो.

दादाला रोज नुसतं बटन दाबायला वावरात जावं लागे. मोबाईलवरून मोटार सुरू करणारं यंत्र बाजारात मिळतं, पण मी घरात प्रोग्रामर असताना विकतचं कशाला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. मी सिमकार्ड घातलेला एक डबा बनवला आणि स्टार्टरला जोडला. मोबाईलवर चालू म्हटलं की निरोप माझ्या सर्व्हरवर जाणार, तिथून फोन कंपनीकडे आणि तिथून मेसेज होऊन डब्याकडे.

त्या कामात तीन भाषा होत्या. डब्यातला प्रोग्राम सीमध्ये. ही भाषा तुम्हाला काहीच विचारत नाही. कड्यावरून उडी मारतो म्हणालात तर मार म्हणते. सर्व्हरवरचा जावामध्ये. तिला प्रत्येक गोष्टीचा अर्ज तीन प्रतींत लागतो. मोबाईलमधला कोटलिनमध्ये. तिला जागोजागी सांगावं लागतं, की बाई, इथे काहीच नसू शकतं, तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरव. मला तिन्ही आवडायच्या. चांगली रचना म्हणजे काय, हे मी भाषा बदलत बदलत शिकले होते. भाग वेगळे ठेवा, एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला झळ लागू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे सोपवलेलं काम हरवू देऊ नका.

या शेवटच्या गोष्टीचा मला फार गर्व होता. आमच्या खोलगटीत टॉवर कधी असतो, कधी नसतो. म्हणून निरोप पोचला नाही तर तो टाकून द्यायचा नाही, धरून ठेवायचा, पोचेपर्यंत पाठवत राहायचा, आणि आले त्याच क्रमाने पोचवायचे, अशी मी व्यवस्था केली. दिलेला निरोप मागे घ्यायची सोय ठेवली नाही. ठेवली असती तर गुंता वाढला असता. दिवाळीला दादासमोर मी छाती काढून म्हणाले होते, की एकदा बोट लावलं की निरोप जाणार म्हणजे जाणार. त्याने साऱ्या गावाला डबा दाखवला. आमच्या बाईनं, म्हणजे बहिणीनं बनवला, म्हणे.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी चहा घेत सर्व्हर बघायला बसले. दादाचा एक निरोप रांगेत अडकलेला दिसला. आठ वाजताचा. चालू कर. टॉवर गेलेला होता, नवल काही नव्हतं. सहज वहिनीला फोन लावला. गावातला टॉवर वेगळा, तो सुरू होता. दादा कुठे आहे विचारलं, तर वहिनी म्हणाली, मोबाईलवर "पोचलं नाही" असं आलं म्हणून ते स्वतःच वावरात गेले. पाण्याजवळ केबलच्या जॉइंटची टेप निघालीये, कालच दिसलं होतं, तो जॉइंट नवा करतो आणि मगच मोटार लावतो म्हणत होते.

म्हणजे दादा विहिरीत होता, उघडी तार त्याच्या हातात होती, आणि चालू करायचा निरोप आभाळात टॉवरची वाट बघत लटकला होता. मी कप ठेवायला गेले तो टेबलाऐवजी हवेतच ठेवला. फुटला.

"वहिनी, पळा. पेटीतले तिन्ही फ्यूज काढा. बाकी काई करू नोका, पयले फ्यूज काढा."

तिने का, काऊन, काहीच विचारलं नाही. स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग मी आणि माझा प्रोग्राम, दोघंच उरलो. मी घाईघाईने मोटार बंद करायचा निरोप पाठवला. तो शहाण्यासारखा चालूच्या मागे जाऊन उभा राहिला. आले त्याच क्रमाने! म्हणजे मोटार आधी चालू होणार, मग बंद. मधले दोन-चार सेकंद माणूस मरायला पुष्कळ झाले. सर्व्हर बंद करून टाकला. त्यानेही काही साधलं नाही, कारण चालूचा मेसेज फोन कंपनीच्या हाती केव्हाच गेला होता आणि तीही माझ्यासारखीच पुन्हा पुन्हा पाठवत बसली होती. जिथे हात घालीन तिथे माझाच शहाणपणा आडवा येत होता. मी माझंच लिहिलेलं ओळ न् ओळ वाचत होते, कुठे एखादी चूक सापडावी, एखादी फट राहिलेली असावी म्हणून देवाला हात जोडत होते. एकही सापडली नाही. इतका नेटका प्रोग्राम मी जन्मात लिहिला नव्हता.

दादाला फोन लावावा तर लागत नव्हता. सारखा लावत होते, आणि दर वेळी लागला नाही की जिवात जीव येत होता. कारण त्याचा फोन लागला म्हणजे टॉवर आला, आणि टॉवर आला म्हणजे निरोपही पोचला. भावाचा फोन लागू नये म्हणून मी त्याला फोन करत होते. हे कोणाला सांगितलं तर हसतील. मला अजून हसू येत नाही.

तेवढ्यात मनात आलं, की अगं, बाबांची रीत आहे ना! दादाने फ्यूज काढले असतीलच. मी स्वतःला दहादा तेच सांगितलं. खिसा, गुंडी, दोनदा चाचपणं, सगळं डोळ्यांसमोर आणलं. पण फोन लावणं काही थांबेना. घड्याळात पावणेदहा झाले होते.

आणि फोन लागला.

पलीकडे दादाच्या फोनची रिंग वाजायला लागली. रिंग वाजतच राहिली, वाजतच राहिली, कोणी उचलेना. मी खाली फरशीवर बसले, कपाच्या तुकड्यांत. विहिरीच्या काठावर ठेवलेला तो फोन शेवटी वहिनीने उचलला. तिला धाप लागली होती. ती म्हणाली, फ्यूज काढून दोन मिनिटं झाली. ती विहिरीत वाकून दादाला हाक मारत होती, तेवढ्यात मागे पेटीत खट्ट वाजलं. डब्याने आपलं काम केलं होतं. मोटारीला फक्त वीज मिळाली नव्हती.

मी विचारलं, दादाने फ्यूज काढले नव्हते का? तिने दादाला वर यायला सांगितलं. मग तिने फोन दादाला दिला.

"बाई, मोबाईलवर पोचलं नाई असं आलं ना, मले वाटलं तो निरोप मेला," तो म्हणाला. "तू बनवेल हाये म्हणून म्या फ्यूज नाई काढले."

बाबांची पन्नास वर्षांची रीत माझ्या एका डब्याने मोडली, आणि तीही माझ्यावरच्या मायेपोटी. मी फोन कानाला लावून रडत बसले, आणि तो तिकडून मलाच समजावत होता, की काई झालं नाई ना, मंग काऊन रडून राह्यली.

नंतर मी तो सगळा प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिला. आता एका मिनिटात पोचला नाही तर निरोप मरतो. डबा मेसेजवरची वेळ बघतो, शिळा असेल तर फेकून देतो. शिळी भाकर खाता येते, शिळा हुकूम पाळता येत नाही, एवढी साधी गोष्ट मला तिन्ही भाषांपैकी एकीनेही सांगितली नव्हती. निरोप पोचला का, रिकामा तर नाही ना, ठरल्या आकाराचा आहे का, हे सगळं त्या विचारतात. तो ज्याच्यापर्यंत जातोय तो माणूस आता कुठे उभा आहे, हे कोण विचारणार? कंपनीत कोणी नवी भाषा घेऊन येतं आणि हिच्यात चूक होऊच शकत नाही म्हणतं, तेव्हा मी मान डोलावते, आणि हिच्यातला निरोप किती वेळ जिवंत राहतो ते विचारते.

मागच्या महिन्यात नवा प्रोग्राम घालायला मी स्वतः वावरात गेले. वीसदा तपासून बघितलं. टॉवर नसताना, वीज नसताना, निरोपांची उलटसुलट रांग लावून. सगळं बरोबर चाललं. दादाला नेमकं तेव्हाच गाळ बघायला विहिरीत उतरायचं होतं. शिडीवर एक पाय ठेवून त्याने विचारलं, आता तर पक्कं झालं ना सगळं?

"पक्कं झालं," मी म्हणाले. "पण दादा, विहिरीत उतरताना माह्यावर भरोसा ठेवू नोको."

तो शिडीवरून परत आला. मग पेटी उघडून त्याने तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले. गुंडी त्याच्या शर्टाला नव्हती. मी माझ्या ओढणीची पिन काढली, त्याच्या खिशाला लावली आणि वरून दोनदा चाचपून पाहिलं.