नाय म्हणायचा दिवस

आमच्या वाडीत जून महिन्यातला एक दिवस असा असतो की त्या दिवशी कोणी कोणाला काम सांगायचं नाही. सांगितलंच, तर ऐकणाऱ्याने उभं राहून 'नाय' म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुणकेश्वरच्या आसपास दुसऱ्या कुठल्या गावात हा दिवस नाही. तो अमेरिकेतून आला, आणि आणला माझ्या भावोजींनी. माझी होडी त्याच दिवशी गेली. लोक म्हणतात समुद्राने नेली. समुद्राशी माझं काही भांडण नाही.

भावोजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. १९९८ साली ते कायमचे घरी आले. देवळाच्या ओट्यावर बसून ते देशोदेशीच्या गोष्टी सांगायचे, आणि आम्ही त्यातल्या निम्म्या थापा समजून ऐकायचो. एक गोष्ट मात्र कोणी थाप म्हणून सोडली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं. गोदीतल्या एका काळ्या हमालाशी त्यांची गट्टी जमली आणि तो त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. गाव कसलं, कापसाची शेतं, एक लाकडी चर्च आणि विखुरलेली घरं. तिथे जत्रा भरली होती. उघड्यावर मटण भाजत होते, सगळ्यांच्या हातात तांबडं सरबत होतं. मग एक म्हातारी उभी राहिली आणि तिने जुना हुकूम मोठ्याने वाचून दाखवला. यांचे पूर्वज गुलाम होते, ते सुटल्याचा हुकूम.

"सुटले आदीच होते," भावोजी बोट वर करून सांगायचे. "खबर अडीच वर्सांनी पोचली. तवसर बिचारे राबतच होते."

"आणि सरबत तांबडा कित्याक?" कोणीतरी विचारलं.

"सांडलेल्या रगताची आठवण म्हणान."

आमचंही तेच झालं होतं. आमच्या वाडीवर खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, फुकट राबायची वेठ होती. पुरुषांनी त्याची मंचील, म्हणजे बसून जायची डोली, खांद्यावरून वाहायची. बायकांनी त्याचं अंगण झाडायचं. पुढे कायदा झाला आणि खोती गेली. पण आमच्या वाडीत वाचता येणारं कोणी नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर किती पावसाळे मंचील उचलली गेली ते कोणालाच माहीत नाही. माझ्या आजोबांच्या उजव्या खांद्यावर दांड्याचा घट्टा होता. लहानपणी मी त्याला हात लावून बघायचो. माडाच्या खोडासारखा लागायचा.

"आपली तारीख कोणाक ठावक नाय," भावोजी म्हणाले. "मगे त्यांचीच घेवया."

अशी सुरुवात झाली. एकेकाने उभं राहून, ज्याचं एरवी ऐकावं लागतं त्याला 'नाय' म्हणायची कल्पना कोणाची ते आठवत नाही. पहिल्या वर्षी देवळाच्या सभामंडपात नुसता हशा होता. एक सून सासूला म्हणाली, "आज मासे मी कापूचंय नाय." सासू म्हणाली, "मगे कच्चे खा." टाळ्या. पोरं तर वर्षभराचे 'नाय' साठवून आली होती. सगळ्यात शेवटी माझी आई उभी राहिली, कारण ती वयाने मोठी. ती सावकाश सांगू लागली. आठ वर्षांची असताना कोंबडा आरवायच्या आधी खोताचं अंगण झाडायला जायची, अंधारात हाताला काय लागेल त्याची भीती वाटायची, एकदा सुक्या पानांचा पातेरा राहिला म्हणून खोताच्या माणसाने तिला उन्हात उभी केली. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुझा आंगण मी झाडूचंय नाय." टाळ्या वाजवताना बायका रडत होत्या. मग कोकमाचं सरबत फिरलं. ते प्यालं की दिवस संपला, पुन्हा कोणीही कोणालाही काम सांगायला मोकळा.

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि कोणाला 'नाय' म्हणावं ते सुचेना.

"तुका कोण काय सांगता रे?" मागून आवाज आला. "तू नाय कोणाक म्हणतलंस?"

सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो.

ते खरंच होतं. मला काम सांगणारं कोणी उरलं नव्हतं, आणि ते मी कष्टाने मिळवलं होतं. सायकलला टोपली बांधून मी कणकवलीपर्यंत मासे विकले आहेत. बर्फाच्या लादीवरून, टेंपोच्या भाड्यावरून, सुरमईच्या शेपटीवरून मी भांडलो आहे. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. त्याच डोक्याने मी वाडीतली पहिली इंजिनाची मोठी होडी घेतली. तोवर वाडी रापण ओढायची. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि वाटे करायचे. रापणीतली माणसं हळूहळू माझ्या होडीवर आली. माझा लहानपणचा मित्र माझा तांडेल झाला. होडी समुद्रात नेणारा तो, पण केव्हा न्यायची हे सांगणारा मी. पहिल्या वर्षी तो मला 'रे' म्हणायचा. कधीतरी 'शेट' म्हणायला लागला. केव्हापासून ते माझ्या लक्षात आलं नाही.

दरवर्षी हा दिवस होत राहिला. मी पुढे बसायचो, देणगी माझी मोठी असायची. पण 'नाय' हळूहळू माझ्याकडे वळू लागले. एकजण म्हणाला, "वारो पडल्याशिवाय मी होडयेर चढूचंय नाय." दुसरा म्हणाला, "माझ्या बापाशीच्या नावान गाळी खावचंय नाय." एका बाईने तर माझ्याकडे बघूनच म्हटलं, "रविवारी जाळी शिवूक मी येवचंय नाय." टाळ्या वाजायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामावर यायचे, हसून बोलायचे. मी मात्र मोजू लागलो होतो. हशा कमी होत होता आणि टाळ्या वाढत होत्या. उधाण येण्याआधी पाणी आत ओढलं जातं, वाळू नेहमीपेक्षा जास्त उघडी पडते. मला दर जूनमध्ये तसं वाटायचं. आई मात्र दरवर्षी तेच बोलायची. तिचा 'नाय' कायम मेलेल्या खोताला असायचा, आणि तेवढा ऐकला की मला हायसं वाटायचं.

२०१२ साली देवळाचा सभामंडप जीर्णोद्धारासाठी पाडला होता. भावोजी आणि तांडेल माझ्याकडे आले.

"माडांखालची तुझी जागा दी," भावोजी म्हणाले. "मंडप घालतंव."

"आणि माझी होडी खंय ठेवू? डोक्यार?" पावसाळ्यात होडी ओढून, माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी झाकून ठेवायची ती उंच जागा तीच होती.

"ऱ्हवांदे खालच्या वाळयेत. चार दिवसांचो प्रश्न."

फुकट काही द्यायची मला सवय नाही. मी म्हटलं, "जागा घेवा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी वाडी येतली, न बोलवता. होडी वर ओढतली, झापांनी शाकारतली. आणि ह्या फकत ह्या वर्साचा नाय. दरवर्षी."

"दरवर्षी?" तांडेल म्हणाला.

"मी ऱ्हवय तवसर."

तांडेल भावोजींकडे वळून हसला. "आयकलास? शेटान मंचील मागल्यान."

"परत बोल!" मी उठलोच. "माझ्या आज्याच्या खांद्यार काय होता ता ठावक नाय तुका?"

"माझ्यापण आज्याच्या होता," तो शांतपणे म्हणाला.

भावोजींनी दोघांच्या मध्ये हात घातला. "पक्को. सौदो पक्को."

तो सौदा मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ काळं होतं. नैर्ऋत्येचा वारा सुटला होता आणि माडांच्या झावळ्या एकाच बाजूला ताणल्या गेल्या होत्या. अमावास्येचं उधाण होतं, म्हणजे भर दुपारी पाणी सगळ्यात वर येणार. समुद्राची रोजची गाज आमच्या कानांना ऐकूही येत नाही. हा आवाज वेगळा होता. जमिनीखाली कोणीतरी ओंडका आपटत असल्यासारखा तो पायांना कळत होता. मंडपात 'नाय' सुरू झाले होते. मी आत बसलोच नाही. एकदा होडीजवळ जायचो, एकदा मंडपाजवळ यायचो. प्रत्येक फेरीला वाळू कमी झालेली असायची. टाळ्यांचा आवाज आणि लाटेचा आवाज एकमेकांत मिसळत होते.

होडीखालच्या ओंडक्यांना पाणी लागलं तेव्हा मी मंडपात शिरलो.

"उठा रे! होडी तरंगाक लागली. दोर घेवा!"

कोणी उठलं नाही. सगळे भावोजींकडे बघू लागले. तांडेल एकटा उठला, मंडपाच्या कडेला जाऊन त्याने पाणी पाहिलं, आणि माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी कबूल करतो.

"सांगा नको, शेटानू. इचारा."

जन्मात मी कोणाला विनवलं नव्हतं. तरी विचारलं. "येतास काय रे?"

"येतंव. आयेचो नाय तेवढो होवंदे. एकच ऱ्हवलो."

आई तोपर्यंत उभी राहिली होती. खांबाला धरून तिने सुरुवात केली. "मी आठ वर्सांची होतंय. कोंबो आरवच्या आदी..." ते सगळं मला पाठ होतं. पातेरा, ऊन, खोताचा माणूस, सगळं यायचं होतं. माणसं दोराला हात घालून तयार बसली होती, पण तिला घाई करायची कोणाची हिंमत नव्हती. माझ्या पाठीमागे लाट फुटली आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला.

"आये, गप!" मी ओरडलो. "खाली बस!"

वाऱ्याने झापं फडफडली तेवढीच. आईला तोवर वयामुळे नीट दिसेनासं झालं होतं. माझा आवाज आला त्या दिशेला तिने तोंड वळवलं.

"नाय," ती म्हणाली.

दोन-तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण तसं करायचं असतं. कोणीतरी त्यांचे हात धरले. आई खांब सोडून खाली बसली. खोताच्या अंगणापर्यंत ती त्या वर्षी पोचलीच नाही.

"सरबत वाटा!" भावोजी ओरडले. "बेगीन वाटा!" पेले हिसकावले गेले, अर्धं सरबत झग्यांवर, शर्टांवर सांडलं, आणि माणसं धावली. तांडेल सगळ्यांच्या पुढे छातीएवढ्या पाण्यात शिरला. पण होडी तोवर आडवी झाली होती. एका लाटेने तिला उचललं आणि काळ्या खडकावर ठेवलं. दुसऱ्या लाटेत इंजिनाची बाजू फाटून गेली. सुटलेली फळी तांडेलाच्या खांद्यावर बसली. लोकांनी दोर टाकून पुढचं टोक, म्हणजे नाळ, तेवढी धरून ठेवली. बाकीचं मी जाताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर घरापुढच्या खळ्यात अख्खी वाडी. पुरुषांच्या हातात दोर, बायकांच्या डोक्यावर झापं. तांडेलाने खांदा फडक्याने बांधला होता.

"काय ओढूचा, सांगा."

त्याच्या आवाजात मी टोमणा शोधला. सापडला नाही.

"गेली ती. घराक जावा," मी म्हटलं.

"सौदो आसा," तो म्हणाला. "न बोलवता येवचा म्हणान सांगितलास."

मी पुन्हा जा म्हटलं. कोणी गेलं नाही. मंडप उतरवून त्यांनी जागा मोकळी केली, फुटलेल्या नाळेला दोर बांधले, खाली ओंडके घातले, आणि होडी ओढताना देतात तशी आरोळी देत तो तुकडा माडांखाली आणला. झापांनी नीट शाकारला. मी ओटीवरून बघत होतो. मला पाणी देखील कोणी मागितलं नाही.

मी आता वेंगुर्ल्याला असतो. जेटीवर मासळी घेतो, पुढे पाठवतो. आईला बरोबर चल म्हटलं होतं. ती कोकमं फोडत बसली. ती बहिणीकडे राहते.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. मी खोत नव्हतो. खोताने न विचारता घेतलं, मी मजुरी दिली, आजारपणात गाडी काढली. चालू होडी पाण्यात जात असताना चार वाक्यं थांबायला हवी होती. भावोजींना मी हे कितीदा ऐकवलं.

ते एकदाच म्हणाले, "थांबा थांबा म्हणानच तर खबर येवक उशीर झालो होतो."

उत्तर चांगलं आहे. होडी त्यांची नव्हती.

तो तुकडा अजून माडांखाली आहे. दर जूनमध्ये, दिवस साजरा झाला की दुसऱ्या सकाळी वाडी येते, न बोलवता, आणि त्याच्यावर नवी झापं घालते. मी असेपर्यंत घालणार, तसा सौदा आहे. तो मान आहे की शिक्षा, हे मला ठरवता आलेलं नाही. मी त्या दिवशी गावात जात नाही. संध्याकाळी बहिणीला फोन मात्र करतो.

"यंदा आये कोणाक नाय म्हणाली?"

"खोताक," बहीण म्हणते. दरवर्षी तेवढंच.

कुठल्या खोताला, हे मी विचारत नाही.