मंडळीचं टपाल

आमच्या मंडळीच्या दाराला दोन टपालपेट्या आहेत. एक पाळकांची, एक सेक्रेटरीची. दोन्हींना कुलपं. पोस्टमन येतो, दोन्हींकडे बघतो आणि जी जवळ असेल तिच्यात टाकून निघून जातो. येतं तरी काय त्यात? एखादं परिपत्रक, कुठल्या तरी मेळाव्याचं आमंत्रण, लाइटबिल. एवढ्यासाठी आमची मंडळी दुभंगली, आणि त्यात भरडली गेली माझी पोर.

मंडळी म्हणजे चर्च आणि पाळक म्हणजे तिथले पाद्री. आमच्यात तसंच म्हणतात. खरं तर मंडळी म्हणजे माणसं, पण बोलून बोलून आता इमारतही मंडळीच झाली. मंडळीचा पत्रा गळतो, मंडळीची चावी सापडत नाही. पौड रोडपासून आत, कंपन्यांच्या मागच्या बाजूला आमचा तो साधा हॉल आहे. आम्ही कुणी इथले मूळचे नाही. कुणी नगरकडून, कुणी जालन्याकडून, कंपन्यांच्या मागे आलो आणि इथलेच झालो. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझा नवरा फिटर. हॉल बांधला तेव्हा फरशी त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी रविवारी रविवारी येऊन बसवली. एका कोपऱ्यात शहाबादी थोडी वर उचललेली आहे, अजून तिथं म्हातारी माणसं ठेचकाळतात. तो गेल्यावर माझी मुलगी त्या कोपऱ्याजवळच बसायची. आपलं लग्न याच हॉलमध्ये, पप्पांच्या फरशीवर, हे तिनं कॉलेजात असतानाच सांगून ठेवलं होतं. मलाही तेच हवं होतं. दुसरं फार काही मी मागितलंही नव्हतं.

पूर्वी टपालाची काही भानगड नव्हती. नाक्यावरच्या किराणा दुकानात पोस्टमन ते ठेवून जायचा. मंडळीतलं कुणी साखर-चहा आणायला गेलं की घेऊन यायचं. रविवारी उपासना संपताना जाहिराती वाचतात. जाहिराती म्हणजे साबणाच्या नव्हेत, आमच्यात सूचनांना जाहिराती म्हणतात. त्यात आलेलं टपाल सगळ्यांसमोर वाचलं जायचं. कुणी फोडलं, कुणी आणलं, कोण विचारतो?

मग ते दुकान बंद पडलं आणि पोस्टमनही नवा आला. कोळवणकडचा, शांत, सज्जन माणूस. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात एक पाकीट पडलं, त्यावर पत्ता होता ‘मंडळी’ आणि खाली गावाचं नाव. त्यानं विचार केला आणि ते नेऊन सरळ पाळकांच्या बायकोच्या हातात दिलं. नंतर मला म्हणाला, “नर्सबाई, आमच्यात बायकूला मंडळी म्हन्त्यात. मला वाटलं, पाळकसायबांच्या मंडळीचं पत्र हाय.” मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते माझं त्या वर्षातलं शेवटचं हसणं.

कारण पाळकीणबाईंनी ते फोडलं. होतं काय, तर महिला मेळाव्याचं बोलावणं. बायकांचंच होतं, त्यांनी वाचलं तर आभाळ कोसळणार होतं का? पण सेक्रेटरीभाऊंना लागलं. ते एका कंपनीतून रिटायर झालेले, आयुष्यभर स्टोअरची चावी कमरेला. मंडळीचं टपाल फोडणं हा सेक्रेटरीचा अधिकार आहे, तसं मंडळीच्या घटनेत लिहिलंय, असं त्यांनी पंचांच्या बैठकीत सांगितलं. पाळकसाहेब तरुण, तापट. ते म्हणाले, कळप ज्याचा, पत्र त्याचं. झालं. दोघांनीही पोस्टात अर्ज दिले, की टपाल माझ्याच हाती द्यावं. पोस्टातल्या साहेबांनी दोन्ही अर्ज एकमेकांना टाचले आणि भांडण मिटेपर्यंत कुणालाच काही द्यायचं नाही असं ठरवलं. तो माणूस मला त्या सगळ्यांत शहाणा वाटला.

नेमकं तेव्हाच पोरीचं जमलं. मुलगा नगरकडचा, चांगला, कमी बोलणारा. लग्न आमच्या हॉलमध्ये ठरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार दोन्हीकडच्या मंडळीत घोषणा वाचतात, की अमुक आणि तमुक यांच्या विवाहाला कुणाची हरकत असेल तर सांगा. त्यासाठी तिकडच्या पाळकांचं पत्र इकडे यावं लागतं. तिकडचे पाळक जुन्या वळणाचे. फोनवर पाठवलेला फोटो चालणार नाही, शिक्क्याचा कागदच पाहिजे. त्यांनी तो पाठवला. आला आणि पोस्टात अडकला.

मग माझ्या चकरा सुरू झाल्या. भरे गावातल्या घरून स्कूटीवर पाळकांकडे, तिथून सेक्रेटरीकडे, तिथून पोस्टात. पाळकसाहेब म्हणायचे, ताई, माझी ना नाही, त्यांना विचारा. सेक्रेटरीभाऊ म्हणायचे, ताई, तुमच्यासाठी जीव देईन, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. जीव कुणी मागितला होता? सही मागत होते मी. दोघं प्रार्थनेला डोळे मिटून उभे राहिले की माझ्या मनात भलतंच यायचं. माझे गुडघे दुखायचे, रात्री झोप नाही, आणि पोर विचारायची, मम्मी, आलं का पत्र?

शेवटी पोस्टमनलाच माझी दया आली. साहेबांना सांगून त्यानं मार्ग काढला. शनिवारी हॉलच्या दारात दोघांच्या समोर पत्र देतो, मग तुमचं तुम्ही बघा. दोघंही कबूल झाले. आणि शनिवारी सेक्रेटरीभाऊंच्या साडूला ॲडमिट केलं म्हणून ते पुण्याला गेले. फोनवर म्हणाले, ठेवून द्या, मी आल्यावर उघडू. पण पहिली घोषणा त्याच रविवारी झाली नसती तर तारीखच गेली असती. पाळकसाहेबांनी पाकीट फोडलं. बरोबर केलं, असं मला आजही वाटतं.

रविवारी हॉल भरलेला. पोरीनं नवा ड्रेस घातला होता, मी तिच्या शेजारी. जाहिराती आल्या. पाळकांनी आधी आजाऱ्यांची नावं घेतली, मग ते पत्र काढलं. माझ्या पोरीचं नाव, तिच्या बापाचं नाव, मुलाचं नाव. आणि मग नेहमीचं वाक्य, कुणाची हरकत असल्यास त्यांनी कळवावी.

रात्रीच पुण्याहून परतलेले सेक्रेटरीभाऊ उभे राहिले. म्हणाले, “माझी हरकत आहे.”

त्यांना म्हणायचं होतं, पत्र फोडायला हरकत आहे. हे मला ठाऊक, पाळकांना ठाऊक, पहिल्या दोन बाकांना ठाऊक. पण मागे बसलेल्या माणसांना काय ठाऊक? सगळा हॉल वळून माझ्या पोरीकडे बघायला लागला. पाळकांनी विचारायचं होतं, कसली हरकत, भाऊ? एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण तेही हट्टाला पेटलेले. म्हणाले, नोंदवून घ्या. आणि नोंदवायचं काम सेक्रेटरीचं. त्यांनी स्वतःच उभ्या उभ्या लिहिलं, घोषणेच्या वेळी हरकत घेण्यात आली. स्वतःचीच हरकत, स्वतःच्याच हातानं.

पोर माझ्या कानाशी आली. “मम्मी, माझ्यात काय कमी आहे गं?”

आमच्या शेजारणीच्या तोंडी एक म्हण असते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या दिवशी ती मला नीट कळली.

दुपारच्या जेवणाआधीच ते मंडळीच्या ग्रुपवर आलं, आणि संध्याकाळपर्यंत नगरला पोचलं. ज्यानं टाकलं त्याची उचलली जीभ, लावली टाळ्याला. व्याह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, दुकान, पोस्टमन, पाकीट, साडू. ते शांतपणे ऐकत होते. ऐकता ऐकता मलाच ते खोटं वाटायला लागलं. कोण विश्वास ठेवील? पण त्यांनी ठेवला. फक्त म्हणाले, हरकत नाही असं तुमच्या मंडळीकडून लिहून आणा, म्हणजे भावकीची तोंडं बंद करता येतील.

पुन्हा स्कूटी. पाळकांनी दाखला लिहिला, सेक्रेटरी त्याच्याखाली सही करीनात. जावक टपालही त्यांच्याच अधिकारातलं म्हणे. मग त्यांनी वेगळा दाखला लिहिला. एका पोरीचे दोन दाखले, दोन्हींवर मंडळीचा शिक्का. एकच शिक्का दोन घरी कसा होता हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी ते घेऊन नगरला गेले. तिकडच्या पाळकांनी दोन्ही कागद घेतले, हसले आणि ठेवून दिले. पण व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले, “विहीणबाई, राग मानू नका. जिथं हरकत हा शब्द निघाला, तिथं आमची माणसं जेवायला बसणार नाहीत. लग्न आमच्याकडं करू.”

राग कुणाचा मानायचा? माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी घरी येऊन पोरीला सांगितलं. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी हॉल झाडायची पाळी आमची होती. तिनं मला येऊ दिलं नाही. एकटी गेली, फरशी पुसली आणि बरीच उशिरा आली. डोळे सुजलेले होते. मी चहा ठेवला.

लग्न नगरला छान झालं. आमची मंडळी गाडी करून आली. पाळकसाहेब आणि सेक्रेटरीभाऊ एकाच गाडीत आले आणि जेवायलाही एकाच टेबलावर बसले. एकमेकांना रस्सा वाढत होते. मुलीची आई म्हणून मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते, त्यांच्यापाशी आले.

सेक्रेटरीभाऊ म्हणाले, “ताई, सगळं नीट झालं बघा. पण आपली पोर आपल्या मंडळीत उभी राहिली असती तर बरं वाटलं असतं.”

पाळकसाहेबांनी मान हलवली. खरं आहे, म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी दोघांचे ग्लास भरले.

“माझी काही हरकत नव्हती,” म्हटलं, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.