प्रेमाबाईंचा खडू

विक्रोळीच्या त्या शाळेत प्रेमाबाई राणेंचा खडू म्हणजे एक प्रकरणच होतं. बाई मराठी माध्यमाला विज्ञान शिकवायच्या. उत्तर चुकलं की त्या छडी मारत नसत, ओरडतही नसत. मुकाट खडू पुढे करायच्या. चुकलेल्यानं उठायचं, फळ्यावर 'माझं चुकलं' लिहायचं, खाली बरोबर उत्तर लिहायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. भल्याभल्या टग्यांनी तो खडू घेतला होता. बाईंवर मात्र तशी वेळ कधी आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढा तोरा त्यांना होताच.

मग त्याच इमारतीतल्या हिंदी माध्यमाच्या सायन्स टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचा आठवीचा वर्ग बाईंच्या गळ्यात पडला. आता बाईंची हिंदी म्हणजे मासळीबाजारात भाव पाडायला झकास, त्यापुढे आनंदच. पण विज्ञान काय, सगळीकडे सारखंच की! हिंदी पुस्तक त्यांनी कपाटात टाकलं. मूलद्रव्याला तत्व म्हणतात आणि संयुगाला यौगिक, एवढं मुलांनाच विचारून घेतलं आणि तोंडपाठ होतं तसं सुरू केलं.

"हायड्रोजन के दो अणु और ऑक्सिजन का एक अणु जुड गया, तो पानी का एक रेणु बनता है."

मागची पोरं फिसकन हसली, कारण वर्गात रेणू नावाची एक मुलगी होती. पुढच्या बाकावरच्या निशा यादवनं बोट वर केलं.

"टीचर, अणु नहीं, परमाणु. दो परमाणु."

"परमाणु?" बाई हसल्या. "वो तो बम का होता है. तेरे को पानी में बम फोडने का है क्या?"

वर्ग खदखदून हसला. निशा काही बोलणार, तोवर बाईंनी खडू पुढे केलासुद्धा. पोरीनं तो घेतला, वळणदार अक्षरात 'मेरी गलती हुई' लिहिलं, खाली 'अणु' लिहिलं आणि जागेवर गेली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरं तिला बमवाली म्हणायला लागली. तिचं बोट काही पुन्हा वर आलं नाही. बाईंना वाटलं, चला, शिस्त लागली.

चाचणीचा पेपर काढायचा म्हणून बाईंनी अखेर ते हिंदी पुस्तक उघडलं. पाण्याचे तीन चिकटलेले गोळे, चित्र ओळखीचंच. खाली छापलं होतं, पानी का एक अणु. आणि एकेका गोळ्याला बाण काढून, परमाणु. म्हणजे मराठीतला अणू तो हिंदीत परमाणु, आणि मराठीतला रेणू तो हिंदीत अणु. बाईंनी पुस्तक मिटलं आणि टीचर्स रूममध्ये कोणी बघत तर नाही ना, ते आधी पाहिलं. कानशिलं तापली होती. नुसता शब्द चुकला असता तर सोसलं असतं. पण पोरगी खरं बोलत होती आणि आपण तिलाच फळ्यासमोर उभं केलं, ही लाज काही केल्या गिळता येईना.

शेजारी बसणाऱ्या नलिनीबाईंना त्यांनी सांगून टाकलं.

"अगं, सोड ना," नलिनीबाई म्हणाल्या. "गुपचूप शब्द बदल. सोमवारपासून त्यांना बदली टीचर मिळतेय, तुला कोण विचारतंय?"

सल्ला सोयीचा होता, आणि बाईंना तो चक्क पटला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या अगदी सहज बोलल्यासारखं करून म्हणाल्या, "ऑक्सिजन तत्व का सबसे छोटा कण... निशा, तू बोल. क्या बोलते है उसको?" तिनं परमाणु म्हणावं, आपण शाबास म्हणावं, की मिटलं.

निशा उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "अणु, टीचर."

"पक्का?"

"जी टीचर. पहले मेरे को मालूम नहीं था."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला सगळं ठाऊक होतं, आणि आपल्या धाकानं ती धडधडीत खोटं बोलत होती. मुलांना खरं शिकवायचं सोडून आपण हे शिकवलं. त्या वळल्या. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'मेरा गलती हुआ', आणि खाली मोठ्या अक्षरात, 'परमाणु'.

"निशा सही बोली थी," त्या वर्गाला म्हणाल्या. "मैं गलत थी. बम बोलके सबको उसपे हसाया, वो भी गलत."

या खेपेला कोणी हसलं नाही. बाईंना वर बघवेना. त्या हातावरची खडूची भुकटी झाडत राहिल्या. तेवढ्यात पुढच्या बाकावर एक बोट वर आलं, तेही अर्धवट.

"टीचर," निशा हळूच म्हणाली, "मेरा नहीं. मेरी गलती हुई."

बाईंनी डस्टर घेतलं, लिहिलेलं पुसलं आणि तिनं सांगितलं तसं पुन्हा लिहिलं.