मोठा घास

आमच्या कोपऱ्यावरची आटाचक्की बंद होऊन तिथे बर्गरचं हॉटेल निघालं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. लाल खुर्च्या, भिंतीवर प्लास्टिकचं हिरवं गवत, त्यात लुकलुकणारी इंग्रजी अक्षरं. गोंदियात कशाचंही नवं दुकान निघालं की महिनाभर गर्दी आणि मग माश्या, हा माझा अनुभव. पण लेक नागपूरहून दिवाळीच्या सुट्टीत आली आणि पहिल्याच रविवारी म्हणाली, आपण तिघं जाऊ. तिच्या बाबांनी आढेवेढे घेतले. "तुमी मायलेकी जा. मले नाई आवडत ते पाव-बिव." लेक ऐकते थोडीच! हट्टीपणात ती बापावरच गेली आहे.

हॉटेलच्या दारातून नवरा "आलोच दोन मिनिटांत" म्हणून शेजारच्या पानठेल्याकडे वळला. पानठेलेवाला त्याला लांबून पाहूनच खर्रा घोटायला घेतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि पाटीवर खसाखसा घासायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, तो आवाज मला घरच्या कडीच्या आवाजाइतका ओळखीचा आहे. पहिली दहा वर्षं मी भांडले, मग थकले. आणि लपवून काय उपयोग, मी शाळेत शिक्षिका आहे. तंबाखू खाणार नाही अशी शपथ मुलांना दरवर्षी मीच देते. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असं रंगवलंय, ते माझ्या नवऱ्याने, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं. गालात खर्रा धरून रंगवलं त्याने. शिडी धरायला खाली मी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुडी खिशात टाकून तो आत आला तोवर बर्गर आले होते. चांगलेच उंच. खाली पाव, वर पाव, मध्ये टिक्की, काकडी, कांदा, पांढरी चटणी आणि सगळं पडू नये म्हणून वरून टोचलेली काडी. मी पहिला घास घेतला आणि चटणी मनगटावर ओघळली. लेक खो-खो हसली. खरं सांगते, मला आवडला. मग तिने मोबाइल काढला.

"बाबा, आता तुम्ही. मोठा घास घ्या, मी फोटो काढून राहिली."

नवऱ्याने दोन्ही हातांनी बर्गर उचलला, तोंडाशी नेला आणि थांबला. तळव्याने दाबून तो चपटा केला. पुन्हा नेला. पाव ओठांवर दुमडला, आत काही गेला नाही.

"बाबा, तोंड उघडा न पूर्ण!"

"उघडलंच त आहे व," तो म्हणाला.

लेक हसली, मीही हसले. त्याने वरचा पाव काढून ठेवला, टिक्कीचे बारीक तुकडे केले आणि चमच्याने एकेक आत सरकवत बसला. "हे का माणसाचं खाणं आहे?" म्हणाला. आम्ही पुन्हा हसलो.

लेकीने फोटो मला दाखवला. "मम्मी, टायमिंग चुकलं. तोंड उघडायच्या आधीच निघाला."

मी तो मोठा करून पाहिला. भुवया वर चढलेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटत आलेले. अंगात होता नव्हता तेवढा जोर त्याने लावला होता, आणि दातांमधली फट जेमतेम बोटभर. टायमिंग चुकलेलं नव्हतं.

दोनच महिन्यांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. डॉक्टरांनी मोठ्या मुलांना तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली होती. ज्याची जात नाहीत, त्याचे गाल आतून सुपारी-तंबाखूने आवळत चाललेत असं समजायचं. मुलांची रांग मीच लावली होती. "नीट आ कर" म्हणून ओरडतही मीच होते.

घरी येताच मी नवऱ्याला म्हटलं, "तीन बोटं घाला तोंडात."

"काऊन?"

"घाला म्हणते नं."

"घरी मास्तरीण नको होऊ," म्हणून तो उठून अंगणात गेला. मी मागोमाग. माझा आवाज चढला, शेजारीण कुंपणावरून डोकावली, मला पर्वा नव्हती. लेक दारात उभी होती, तिचं हसू गेलं होतं. शेवटी त्याने चिडून बोटं तोंडाला लावली. एक गेलं. दुसरं दातांवर अडलं. त्याने पुन्हा लावून पाहिलं, मग हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता.

"दुखत त नाई काही," तो म्हणाला.

मग मला एकेक आठवायला लागलं आणि मी स्वतःवरच संतापले. हा माणूस एका दमात प्लेटभर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायचा. एक दिवस म्हणाला, ते पाणी पोटाला बाधते. मी म्हटलं, चला, अक्कल आली. केशोरीला माझ्या माहेरच्या परसात मिरची होते, तिच्या ठेच्यावर त्याचा जीव. तो जळजळतो म्हणाला, मी वयावर ढकललं. पोळी कडक लागते म्हणाला, मी दुधात कणीक भिजवायला लागले. पुढे पुढे वरणात कुस्करून द्यायला लागले. पेरूच्या पातळ चकत्या करून द्यायचे. "तुयासारखी मऊ पोळी कोणालेच जमत नाई," असं तो म्हणायचा, आणि मी ते जावेला दोनदा ऐकवून आले होते. संसार मुरला की माणूस मऊ होतो, असं मला वाटायचं. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नागपूरला गेलो. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. गालात आत एक पांढरा डाग आहे म्हणाले. त्याचा तुकडा तपासायला घेतला, रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणाले. त्यातले पाच झाले आहेत. नवऱ्याने खर्रा सोडला आहे, पण खिसा अजून दिवसातून दहादा चाचपतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे ओढून त्याला विचारलं होतं, "तोंड उघडायचं कधीपासून कमी झालं?"

"आत्ताच. रविवारी बर्गर खाल्ला तवापासून," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी मध्ये बोलले. गुपचुप सोडलं त्याला चार वर्षं झाली. मिरची सोडली त्याला तीन. मग पोळी कडक लागायला लागली, मग पेरू. कुस्करून देते त्याला दीड वर्ष. शाळेत हजेरी वाचावी तसं मी एकेक सांगत गेले. नवरा माझ्याकडे बघत होता.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "ताई, तुम्ही तर सगळं पाहिलं आहे."

"हो," मी म्हटलं. "ताटात वाढत मीच होते."