सांगावा देऊन गेलेला माणूस

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. ग्रहण लागलं की वर्गासमोर उभी राहून मुद्दाम चिवडा खायचे आणि विचारायचे, "बघा गं, झालं का मला काही?" आमच्या गल्लीत एका बाईंच्या अंगात यायचं. त्यांना मी एकदा तोंडावर विचारलं होतं की देवी नेमकी स्वयंपाकाच्या वेळेलाच कशी येते हो? त्यांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला. तर अशी मी.

परवा नात कुठलासा ट्रेक करून आली. ज्वालामुखीचा डोंगराळ मुलूख, सोबत गाईड, रोज दिवसभर चालायचं आणि रोज नव्या झोपडीत मुक्काम. फोटो दाखवता दाखवता म्हणाली, "आजी, आम्ही पोचायच्या आत गरम जेवण तयार असायचं. गाईड आधीच फोन करून ठेवायचा ना!"

मला एकदम भरून आलं. म्हटलं, "असला ट्रेक मीही केलाय गं... आणि आमच्यासाठीही कुणीतरी आधी जाऊन सांगून ठेवत होतं."

मग तिने पिच्छाच पुरवला, म्हणून हे लिहितेय. टायपिंग तिचं, खवचटपणा माझा.

गोष्ट १९४८ सालची. आमचं गाव पुसेगावच्या अलीकडे, आता हिंगोली जिल्ह्यात येतं. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलीत 'मोगलाईत'. ती मोगलाई शेवटच्या घटका मोजत होती आणि गावोगाव धाडी पडत होत्या. कुणी घातल्या, कुणी कुणाला मारलं, ते उकरून काढायला मी बसलेली नाही. एवढंच सांगते की लोक बायकामुलांना घेऊन पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होते. नदीच्या पलीकडे निजामाचं राज्य नव्हतं.

मी चौदा-पंधरा वर्षांची. धाकटा भाऊ नामदेव, तीन वर्षांचा, तापाने फणफणलेला. आई, आणि वडील. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी ठरवलं की आम्ही तिघांनी पुढे निघायचं आणि बैलजोडी पाहुण्यांच्या हवाली करून ते मागून येतील. आईला हे मुळीच पटलं नव्हतं.

"बैलं काय मेली जातेत का दोन दिसांत? चला म्हणते ना सोबत!"

"मुकी जितराबं हायती. दाव्याला बांधून कसं सोडू?" दादा म्हणाले. "तू नीघ. मी आलोच मागून."

सरळ रस्त्याने बैलगाडी दिवसभरात नदीवर पोचते. पण रस्त्यावर नाकी होती, म्हणून डोंगरातून वळसा घ्यायचा. वाटाड्या होता सोमला. तांड्यावरचा माणूस, त्याच्या आज्याने त्या डोंगरातून बैलांवर धान्य-मीठ वाहिलेलं. दादांचा बैलांच्या सौद्यातला जुना दोस्त. एका तांड्यावरून दुसऱ्या तांड्यावर, तिथल्या झोपडीत मुक्काम करत तो आम्हाला नदीपर्यंत पोचवणार होता. त्याची एकच अट होती. पुढे सांगावा धाडायचा नाही. एरवी पाहुणा यायचा असला की आधी माणूस पाठवायची रीत. पण त्या दिवसांत सांगावा नको त्या कानावर गेला की संपलं. कुठे मुक्काम करायचा, हे सोमला चालता चालता मनाशी ठरवणार आणि आम्हालाही सांगणार नव्हता.

झुंजुमुंजू झालं तसे आम्ही निघालो. दादा गोठ्याच्या दारात उभे होते. नामदेवाच्या कपाळाला हात लावून त्यांनी ताप पाहिला आणि आत बैलांकडे वळले. आई फुरंगटलेली होती, ती त्यांच्याशी बोलली नाही.

आमच्याकडचे डोंगर म्हणजे थरावर थर चढलेला लाव्हा. माथ्यावर सपाट, कडेने पायऱ्या पडलेल्या. होळी होऊन गेली होती, पाण्याचा पत्ता नाही, पायाखाली काळी भोकाभोकांची धोंड. तासाभरात ती भाजायला लागली. सोमलाने नामदेवला खांद्यावर घेतलं होतं. दुपार कलताना एक तांडा दिसला. आम्हाला पळसाखाली बसवून सोमला पुढे गेला आणि लगेच परत आला. चेहरा कावराबावरा.

"वैनी, तुमी कुनाला म्होरं धाडलं व्हतं का?"

"आमी? न्हाई बा. आमी कुनाला धाडनार?"

झोपडीत गेलो तर जमनाबाई नावाच्या म्हातारीने टोपलीभर भाकरी करून ठेवल्या होत्या. सोमलाच्या नात्यातलीच ती. एका वाडग्यात दूधभात कालवलेला.

"ह्यो लेकराला," ती म्हणाली. "तुमचा मानूस सांगून गेला ना. बाई हाय, पोरगी हाय, तापलेलं लेकरू हाय, त्याला तिखट देऊ नगा."

सोमलाने खोदखोदून विचारलं. माणूस उंच, खांद्यावर घोंगडी, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही. न्याहारीच्या वक्ताला आला होता. पाणी देऊ केलं तर म्हणाला, मागून येणाऱ्यांना द्या.

"आन् कुत्री? तुझी कुत्री नव्या मानसाला उभं ऱ्हाऊ देत न्हाईत."

"उठलीच न्हाईत," जमनाबाई म्हणाली. "मला वाटलं, येनारा-जानारा असंल."

आई मात्र हसायला लागली. त्या सबंध महिन्यात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. करंगळीचं पेर तुटलेलं... दादाच! कडबा तोडताना कुऱ्हाड लागली होती त्यांना. "बघ, दुसऱ्या वाटेनं म्होरं गेले," ती मला म्हणाली. "एका जागी बूड टेकंल तर शपथ! उद्या गाठू आपन." तिचा सगळा रुसवा तिथेच पळाला.

मलाही ते पटलं. का पटू नये? धडधाकट माणूस, बैल हवाली करून आडवाटेने भराभरा गेला असेल. बैल इतक्या लवकर कुणाच्या हवाली केले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमलाने वाट बदलली. त्याला अजून कुणा खबऱ्याचा संशय होता. चार-दोनदा फाट्यावर थांबला, एकीकडे वळतो असं दाखवून दुसरीकडे उतरला. मध्येच एका ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालवलं. आई मात्र सगळ्यांच्या पुढे. दर वळणावर डोळ्यांवर हात धरून बघायची, पुढच्या टेकाडावर घोंगडी दिसते का म्हणून. टाचेला भेग पडून रक्त येत होतं, तरी थांबायला तयार नाही.

त्या दिवशीचा तांडा सोमलाच्याही फारसा ओळखीचा नव्हता. तिथल्या बाईने आम्हाला पाहताच भाकरीचं टोपलं पुढे ओढलं. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही.

जेवताना तिने आईला आणखी भाकरी विचारली. आईने नको म्हटलं. बाईने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा नको म्हणून मान हलवली, तशी ती बाई ओशाळून म्हणाली, "घ्या बाई. तुमचा मानूस बजावून गेलाय. म्हनला, ती मागनार न्हाई, एकदा न्हाई म्हनंल, दोनदा इचारा."

आईचा घास हातातच राहिला. आमच्या घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उरलं तर जेवायची. दादा ओसरीवरून ओरडायचे, "घेतलीस का अजून एक? घे!" घराबाहेर हे कुणाला ठाऊक असणार? आई खाली मान घालून भाकरी खात राहिली आणि तिचे डोळे वाहत होते. ते सुखाचे अश्रू होते हो... आज ते आठवलं की मला बसवत नाही.

सोमलाचा संशय त्या क्षणी गेला. त्याने खबऱ्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. बाहेर जाऊन एका पळसाच्या पानावर भाकरीचा तुकडा आणि कांदा ठेवला, आमच्या गावाच्या दिशेला, आणि हात जोडले. मी मागोमाग गेले होते.

"हे कुनाला, काका?"

"म्होरल्या मानसाला," तो म्हणाला. "मायला सांगू नगं."

मी सांगितलं नाही. मला त्याचा अर्थच कळला नव्हता. मला वाटलं, असेल त्यांच्याकडची काही रीत.

तिसरा थांबा नदीच्या वरच्या अंगाला, एका एकट्या म्हाताऱ्याच्या खोपटात. खाली पैनगंगेचं उन्हाने आटलेलं पात्र दिसत होतं आणि त्यापलीकडे वऱ्हाड. आईने पोचल्या पोचल्या विचारलं, "कुठं हायती? म्होरं गेले का?"

"येऊन गेला," म्हातारा म्हणाला. "म्हनला, नदीपातूर नीट पोचतील. तिथून म्होरं मला येता येनार न्हाई."

आईचा पारा असा चढला! "बैलं! बैलांसाठी मागं फिरले! हितवर येऊन बायको-लेकरांला तोंड दाखवलं न्हाई आन् त्या बैलांकडं गेले!" तिने पदर खोचला आणि आल्या वाटेने निघालीच. "मी आनते त्यांला. असे कसे जातेत?"

सोमला तिच्यासमोर आडवा उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण त्याने हात जोडले. "वैनी, लेकराकडं बघा. त्याच्यासाठी तरी नदी उतरा. तुमच्या पाया पडतो." आणि तो खरंच तिच्या पाया पडला. आई गांगरली. तिने नामदेवला उचललं आणि मुकाट्याने उतरणीला लागली.

पलीकडच्या गावाबाहेर मोगलाईतून आलेल्या लोकांसाठी झोपड्या घातल्या होत्या. आम्ही पोचलो तर आमची कुणाला खबर नव्हती. कुठलं गाव, कोण माणसं, किती जण, सगळं विचारलं. आई उत्तरं देत होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने त्यांना विचारलं, "आमच्याबद्दल कुनी काईच सांगून गेलं न्हाई?"

"न्हाई बा. कोन सांगनार?"

आई वळून नदीपलीकडच्या डोंगरांकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं.

दोन-तीन दिवसांनी भावकीतला माणूस निरोप घेऊन आला. आम्ही निघालो त्याच सकाळी, ऊन वर यायच्या आत, बैलांसाठी गंजीतून कडब्याची पेंढी ओढताना दादांना पान लागलं होतं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत. वैदू यायच्या आत सगळं संपलं. माणसांच्या भीतीने आम्हाला पुढे धाडलं, आणि त्यांना न्यायला आला तो साप. जमनाबाईच्या दारात ते न्याहारीच्या वेळी उभे होते, तेव्हा गावात त्यांच्यासाठी लाकडं फोडली जात होती.

आई रडली नाही. बायका म्हणाल्या, रडू द्या हिला, नाहीतर उरी साचेल. पण नाही. ती गप्प गप्प होत गेली. नामदेवचा ताप उतरला तरी तिचं तोंड उतरलेलंच.

पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं आणि लोक गाड्या जुंपून सरळ रस्त्याने गावी परतायला लागले. आई अडून बसली की मी डोंगरातूनच जाणार. सोमलाला निरोप धाडला, तो आला. आम्ही उलट्या वाटेने निघालो. तेव्हा ते डोंगर हिरवेगार होते, ओढे वाहत होते, आणि मला त्या हिरव्याचा राग येत होता.

दर झोपडीत आई एकच विचारायची, "थकल्यागत दिसत व्हते का?"

खोपटातला म्हातारा म्हणाला, मला डोळ्यांनी कमी दिसतं. दुसऱ्या तांड्यावरची बाई म्हणाली, मी कामात होते, नीट पाहिलं नाही. आई मान हलवायची आणि पुढे चालायची.

जमनाबाईच्या अंगणात मात्र ती बसली. म्हातारीने तिचं कपाळ पाहिलं, काय ते समजली, आणि तिचा हात हातात घेतला.

"थकलेला न्हवता, माय. निवांत व्हता. फकस्त बोलता बोलता सारखा मागं वळून बघत व्हता... तुमी येऊन राहिल्या का म्हनून."

आई तेव्हा रडली. अख्खा तांडा गोळा झाला इतकी रडली. सोमला पाठ फिरवून उभा होता. मी नामदेवला घट्ट धरून ठेवलं होतं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटत होतं.

आता भूगोलाच्या बाई म्हणून बोलते. मी सगळं लॉजिक लावून पाहिलंय. करंगळी तुटलेला दुसरा कुणी असेल? असेल. सोमलानेच गुपचूप व्यवस्था केली असेल? पण मग पहिल्या दिवशी तो इतका घाबरला का? आणि आईच्या जेवणाचं त्याला काय ठाऊक? तो मरायच्या आधी त्याला विचारलं मी, चांगलं उलटसुलट तपासलं. तो म्हणाला, "पोरी, कसं झालं ते मला कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?"

त्या डोंगरांचा एकेक थर कसा घडला ते मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवीन. हे मात्र मला आजही सांगता येत नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण ते भूत नव्हतं हो... ते आमचे दादा होते.