परवान्याची मागची बाजू

बाबांनी बॅग उघडली, मेतकूट काढलं, भाजणी काढली आणि मग धोतरात गुंडाळलेली घरातली कट्यार काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, लेकीकडे शस्त्रपूजा व्हायला हवी, म्हणून त्यांनी ती साताऱ्याहून थेट टोकियोत, आमच्या फुनाबोरीच्या घरी आणली होती. कस्टम्सच्या फॉर्मवर शस्त्र आहे का, असा प्रश्न होता. त्यांनी 'नाही'वर खूण केली. का, तर ती देव्हाऱ्यात असते, म्हणजे ती शस्त्र कशी!

जपानमध्ये असलं दुधारी पातं नुसतं घरात असणं हाच गुन्हा आहे. त्याची पूजा करा नाहीतर त्याने कांदा चिरा, कायद्याला काही फरक पडत नाही. नवऱ्याचा व्हिसा, माझी स्कॉलरशिप, पंचाहत्तरीतल्या बाबांना पोलीस ताब्यात घेतील ती भीती, सगळं मी एका दमात सुनावलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, त्यांचा हात पुन्हा बॅगेतच होता.

"एवढी काय घाबरतेस? लायसन आणलंय ना," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वेटरच्या घडीतून एक फ्रेम काढली.

मी कपाळावर हात मारला. बाबांच्या आजोबांचं बाजारपेठेत बंदुका-काडतुसांचं दुकान होतं. त्या दुकानाला इंग्रज सरकारने दिलेला विक्रीचा परवाना आमच्या बैठकीत गणपतीच्याही वर टांगलेला असे. घरी कुणीही येवो, अगदी गॅसवाला का असेना, बाबा त्याला कलेक्टरसाहेबाची सही दाखवत. तो परवाना ते काचेसकट, खिळ्याच्या दोरीसकट, टोकियोला घेऊन आले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या दुकानाचा कागद, तोही गेलेल्या राज्याचा, आणि तो म्हणे इथल्या पोलिसांना दाखवायचा.

दुसऱ्या कुणाच्या बापाने हे केलं असतं तर मी हसले असते. पण माझी पीएचडीच त्या परवान्यामागच्या कायद्यावर चाललीय. अठराशे अठ्ठ्याहत्तरचा हत्यारांचा कायदा. गोऱ्या साहेबाला बंदूक बाळगायला परवाना लागत नसे, मेमसाहेबाला नाही, रेल्वेतल्या गोऱ्या फोरमनलाही नाही. ते ऐटीत दुकानात यायचे आणि काडतुसं घेऊन जायचे. ती विकणाऱ्या आमच्या माणसाला मात्र परवाना हवा, तो पुन्हा पुन्हा अर्ज करून मागायचा, आणि तपासणीच्या नावाखाली पोलीस दारात. डुकरांनी शेत फस्त केलं म्हणून कुणी ठासणीची बंदूक मागायला आला, की बाबांच्या आजोबांनी त्यालाच विचारायचं, परवाना कुठाय? तो देणार साहेब, नाकारणारही साहेबच. एका सेमिनारमध्ये एका बाईंनी या कायद्याला सार्वजनिक सुरक्षेचं पाऊल म्हटलं, तेव्हा मी इतकी तावातावाने भांडले की माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे गाइडांनी, मला खोलीत बोलावून चहा पाजला. आणि माझाच बाप त्या साहेबाची सही उराशी धरून समुद्रापार आला होता.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. आवाज चढला होता, शेजारच्या भिंतीपलीकडेही गेला असेल. ते म्हणाले, की आजोबांना सरकारदरबारी मान होता, दुकान त्यांनी मन विटलं म्हणून आपणहून बंद केलं, आणि त्या मानापायीच कट्यार घरात राहिली. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं.

"बंद केलं नाही बाबा. करायला लावलं."

मी सुरीने फ्रेमचा मागचा पुठ्ठा उचकटला आणि कागद उलटा करून त्यांच्यापुढे टाकला. मागे इंग्रजीत छापलेल्या अटी, आणि त्यांच्यावरून तिरकी, लाल शाईतली एक ओळ. परवाना रद्द. कारण, सार्वजनिक शांतता. खाली तीच सही, कलेक्टरसाहेबाची. बाबांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, त्यांना अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"मागे काय आहे, हे तुला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांपूर्वी सुट्टीवर गेले असताना, बाबा बँकेत गेलेले बघून मी ती फ्रेम खोलली होती. फोटो काढले आणि जशीच्या तशी टांगून ठेवली. माझं तिसरं प्रकरण त्या लाल ओळीवर उभं आहे. कोबेच्या परिषदेत मी ती पडद्यावर दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, असं मी स्वतःला सांगत आले होते. कसलं काय! सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि माझं प्रकरण गेलं असतं. मला माझीच चीड आली, पण ती बोलून दाखवायचं धाडस झालं नाही.

कट्यार घेऊन रस्त्यावर निघणं हा आणखी एक गुन्हा झाला असता, म्हणून मी पोलिसांना फोन केला. दोघे आले, दारात बूट काढले, पातं पट्टीने मोजलं, फोटो घेतले. आपणहून कळवलंत हे बरं झालं, पुढचं वरिष्ठ ठरवतील, पण ही वस्तू परत मिळणार नाही, असं त्यांनी अदबीने सांगितलं. बाबांनी ताबा सोडल्याच्या कागदावर सही केली. कट्यार जाड कागदात गुंडाळली जात असताना त्यांनी हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी जबाब राहिला. ही वस्तू आणता येईल असं यांना का वाटलं, ते पोलिसांना यांच्याच शब्दांत हवं होतं, आणि जपानीत मी लिहायचं. मी बाबांना प्रश्न सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"लिही," ते म्हणाले, "परवाना कधीच रद्द झाला होता. घरात एकीला ते माहीत होतं. तिने मला सांगितलं नाही."

मी एकही शब्द न गाळता लिहिलं. पोलिसाने ते दोनदा वाचलं आणि ही व्यक्ती कोण, असं विचारलं. मी, असं म्हणाले. त्याने मान हलवली आणि त्या ओळीपुढे माझं नाव लिहायला पेन माझ्याच हातात दिलं.