स्टोअरअण्णांची मराठी

स्टोअरअण्णांकडे चुकीच्या नावानं काही मागितलं, तर त्यांना ऐकू येत नसे. "अण्णा, लाल सूत द्या," असं म्हणत कुणी गोदामाच्या दारात उभं राहिलं, की ते कपाळावरची विभूतीसुद्धा हलू न देता बसून राहत. दुसऱ्यांदा मागितलं की विचारत, "लाल कुटलं? कुंकवी, डाळिंबी का विटकरी? नाव चुकलं की माल चुकतो."

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना होता. अण्णा तिथले स्टोअरकीपर आणि मी संगणक बघणारा. ते मूळचे अक्कलकोटकडचे. माणसांशी मराठीत बोलत, चिडले की कानडीत. पगारपत्रकावर त्यांचं नाव वेगळंच होतं, पण ते फक्त पगारपत्रकालाच माहीत.

आमच्या मालकांना 'फुकट' या शब्दाचं फार प्रेम. कुठल्याशा लग्नात त्यांच्या कानावर आलं, की खरेदीपासून विक्रीपर्यंत अख्खा कारखाना पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला ईआरपी म्हणतात, आणि त्यातलं एक 'ओपन सोर्स' आहे. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी विचारलं, "फुकट म्हणजे किती फुकट?"

"सगळंच. कुणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं आणि सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं."

"परत द्यायचं आपण नंतर बघू," मालक म्हणाले. "आधी घेऊन टाका."

मी ते बसवलं आणि कामगारांना वाचता यावं म्हणून मराठी भाषा निवडली. ही मराठी कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेली होती आणि नंतर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. शिकवणीच्या पहिल्या दिवशी अण्णांनी चष्मा लावला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, "कचरापेटी क्रमांक चार." ती त्यांची चौथ्या रॅकची जागा होती. इंग्रजीतल्या 'बिन'चं यंत्रानं तसं केलं होतं.

"एनप्पा! काय रे हे? माझं सूत कचरापेटीत?"

पुढे इंग्रजीतल्या 'पेरेंट आयटम'ची 'पालक वस्तू' आली. "सुताला आई-बाप असत्यात व्हय?" अण्णांनी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. तिथंच चुकलं माझं.

गोदामातून माल बाहेर दिला, की दाबायचं एक बटण होतं. इंग्रजीत ते 'मटेरियल इश्यू'. मराठीत त्याचं 'साहित्य समस्या' झालं होतं. बटण कशाचं ते मी एकदाच, घाईत सांगितलं होतं. अण्णा सुट्टीवर असले की तिथं बसणाऱ्या बदली माणसानं ते वाचलं, आपल्याला काही समस्या नाही असं ठरवलं आणि एकदाही दाबलं नाही. नेमके तेव्हा अण्णा मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेले होते. सूत रोज बाहेर जात होतं आणि पडद्यावर गोदाम भरलेलंच दिसत होतं.

अण्णा परतले, रिकामे रॅक पाहिले आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले. "सूत मागवा. दोन दिसाचं बी न्हाय."

मालकांनी पडद्याकडे बोट केलं. "इथं भरपूर आहे. संगणक काय खोटं बोलतो का?"

तिसऱ्या दिवशी माग थांबले. कारखान्यात एवढी शांतता झाली, की बाहेरचा ताकवाला काय झालं ते विचारायला आत आला. मालक अण्णांनाच बोलले. माझ्या चुकीचं मी सांगितलं, पण ऐकायला मालक थांबले नव्हते.

त्या दुपारी अण्णा माझ्याजवळ आले. "हे शब्द कोन सुधारतं?"

"कुणीही. तुम्हीसुद्धा."

त्यांना ती चेष्टा वाटली. चेष्टा नाही हे कळल्यावर ते एक वही घेऊन आले.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसू लागलो. अण्णा स्वतःच्या मनानं शब्द ठरवत नसत. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या तेलुगू बायकांना विचारत, रंगखात्यातल्या दखनी बोलणाऱ्या चाचांना विचारत, आणि तिघांना कळेल तोच शब्द वहीत जाई. 'साहित्य समस्या'चं 'माल दिला' झालं. 'पालक वस्तू'चं 'मूळ माल'. 'कचरापेटी'चं 'खण'. सॉफ्टवेअरचे शब्द सुधारायचं इंटरनेटवर एक पान होतं, तिथं मी टाइप करून अण्णांच्या खऱ्या नावानं ते पाठवत असे.

पुण्याच्या एक बाई तिथं आलेले शब्द तपासत. त्यांनी लिहिलं, "खण म्हणजे चोळीचा खण, असा घोटाळा होईल."

अण्णा म्हणाले, "लिव्हा त्यांना. कपाटात चोळीचा खण ठिवला, तरी कपाटाचा खण काय पळून जात न्हाय."

मी तेवढंच जरा सभ्य करून लिहिलं. बाईंनी शब्द मंजूर केला.

वर्षभरात अण्णांचे शब्द सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. एके दिवशी मालक रस्त्यापलीकडच्या कारखान्यात चहाला गेले. तिथंही तेच सॉफ्टवेअर होतं आणि पडद्यावर 'खण क्रमांक चार' होता. ते चहा अर्धा टाकून आले.

"आपल्या गोदामातली अक्कल समोरच्याला फुकट दिली?"

"मालक," अण्णा शांतपणे म्हणाले, "आपन यंत्र फुकट आनलं, तवा ती कुनाची अक्कल हुती?"

"ते शब्द परत घ्या!"

"दिलेला शब्द परत कसा घ्यायचा?"

मालकांनी त्यांना त्याच आठवड्यात निवृत्त केलं. कामगारांनी हट्ट धरला म्हणून निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि आमच्याच कारखान्याचा दुय्यम प्रतीचा टॉवेल. भाषणात मालक म्हणाले की हे सॉफ्टवेअर म्हणजे त्यांचं स्वतःचं स्वप्न होतं. अण्णांनी टॉवेल उलटा करून वीण बघितली, हसले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मी मालकांसमोर एक शब्दही बोललो नाही. मला नोकरी हवी होती.

मालकांच्या हुकमावरून मी आमच्या संगणकातून अण्णांची मराठी काढून इंग्रजी लावली. दुसऱ्याच दिवशी कांडीखात्यातल्या नरसव्वा केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अण्णाची भाषा परत लावा. न्हायतर तुमीच या कांड्यांचा हिशेब लिवायला." त्यांच्यामागे अख्खं खातं होतं. संध्याकाळी मराठी परत आली.

पुढे गोदाम दुसऱ्या कुणाला जमेना, तेव्हा मालकांनी मला अण्णांना परत बोलवायला अक्कलकोटला पाठवलं. मी त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून माफी मागितली. "बोलला न्हाईस, ते बगितलं मी," अण्णा म्हणाले. "भूक असती की मानसाला. जेवून जा." परत यायला मात्र त्यांनी नकार दिला. "आता कानडी घेतलीया. तितं बी लेकांनी कचरापेटीच केलीया." जावयाचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन ते एका बोटानं टाइप करत होते.

गेल्या वर्षी अण्णा गेले. कानडी अर्ध्यावर राहिली. मी शब्दांच्या त्या पानावर तसं कळवलं. पुण्याच्या बाईंचं लगेच उत्तर आलं. वाईट वाटल्याचं लिहून त्यांनी विचारलं होतं, "सर कुठल्या विद्यापीठात भाषा शिकवत होते?"

 मी लिहिलं, "सोलापूरला. सुताच्या गोदामात."